१ नोव्हेंबरच्या अलीकडचे आणि पलीकडचे

नोव्हेंबर उजाडला की धायरी फाट्याच्या आसपास, सिंहगड रस्त्यालगतच्या बँकांमध्ये दहाच्या आधीच खुर्च्या भरतात. हातात कापडी पिशवी, पिशवीत पासबुक आणि प्लास्टिकच्या पाकिटात जपलेली पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, झेरॉक्स. हा महिना हयातीच्या दाखल्याचा. आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा सरकारला सहीनिशी कळवायचे, मग पेन्शन बिनबोभाट खात्यात पडत राहते. ‘काय, आहात ना अजून?’ असे कुणीतरी विचारतो आणि रांगेत हशा पिकतो.

याच महिन्याची पहिली तारीख सरकारी नोकरीतल्या पुढच्या पिढीला वेगळ्या कारणाने पाठ आहे. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी राज्याच्या वित्त विभागाने एक शासन निर्णय काढला. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर जो नोकरीत येईल, त्याला १९८२च्या निवृत्तिवेतन नियमांनुसार मिळणारी पेन्शन नाही. त्याच्यासाठी परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना, म्हणजे सगळे ज्याला डीसीपीएस म्हणतात ती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होते. मुहूर्त कुणी पाहिला नसावा.

धायरी, नऱ्हे, वडगाव, नांदेड फाटा या पट्ट्यात अशा तारखांचा एक नकाशाच काढता येईल. अनुदानित शाळेतला शिक्षक, तलाठी, पोलीस यांची तारीख १ नोव्हेंबर २००५. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रातला कर्मचारी केंद्राचा, म्हणून त्याची १ जानेवारी २००४. राष्ट्रीयीकृत बँकेतला कारकून किंवा आयुर्विमा महामंडळातला सहायक असेल तर १ एप्रिल २०१०. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तर एकाच आवारात दोन कायदे नांदतात. तिथून बाहेर पडणारा लष्करी अधिकारी आजही जुन्या पद्धतीच्या पेन्शनचा हक्कदार आहे, कारण सैन्यदलांना नव्या योजनेतून पहिल्या दिवसापासून वगळले गेले. त्याच आवारात २००४ नंतर लागलेला मुलकी कारकून मात्र नव्या योजनेत.

डीएसके विश्वसारख्या वसाहतीत राहणाऱ्या आयटीवाल्याला वाटते, हे सरकारी लोकांचे भांडण आहे. पण त्याचीही एक तारीख आहे. १ सप्टेंबर २०१४ नंतर जो पहिल्यांदाच भविष्य निर्वाह निधीत आला आणि ज्याचा मूळ पगार तेव्हाच १५ हजारांच्या वर होता, त्याला ईपीएस-९५ या पेन्शन योजनेत घेतच नाहीत. त्याने पगाराची चिठ्ठी कधी नीट वाचली नाही, एवढेच.

वेगवेगळी सरकारे, वेगवेगळी वर्षे, पण निर्णयाची रीत एकच. आत असलेल्यांना हात लावायचा नाही. जे अजून आलेले नाहीत, त्यांच्यासाठी योजना बंद करायची. हे असेच का होते, ते नीट समजून घेतले तर पेन्शनच्या वादातली निम्मी घोषणाबाजी आपोआप गळून पडेल.

पहिले कारण अगदी साधे आहे. जुन्या पेन्शनमागे कुठलीही पेटी नव्हती. लोकांना वाटते, कर्मचाऱ्याच्या नावाने कुठे तरी रक्कम साठत असेल. तसे काही नव्हते. कर्मचाऱ्याच्या पगारातून पेन्शनसाठी पैसा कापला जात नव्हता, सरकारही त्याच्या नावे काही बाजूला ठेवत नव्हते. जीपीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, कापला जाई, पण ती त्याचीच बचत. आज निवृत्त असलेल्यांची पेन्शन आजच्या करांतून, अर्थसंकल्पातल्या लेखाशीर्ष २०७१ मधून दिली जाते. म्हणजे १९७५ साली नेमलेल्या शिक्षकाला दिलेले वचन २०२५ सालच्या जीएसटीतून पाळायचे. नोकरभरती जोरात असते तेव्हा ही पद्धत फार सोयीची वाटते, कारण शब्द द्यायला खर्च येत नाही. खर्च तीस-पस्तीस वर्षांनी येतो आणि तेव्हाचा अर्थमंत्री दुसराच असतो.

दुसरे कारण माणसाच्या आयुष्याचे. याचा धडा पुण्याला दोनशे वर्षांपूर्वीच मिळालेला आहे. जून १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीराव पेशव्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या माल्कमपुढे शरणागती पत्करली, तेव्हा त्याला वर्षाला आठ लाख रुपये तनखा ठरला. रक्कम फार झाली म्हणून माल्कमवर कंपनीतूनच टीका झाली. बाजीराव तेव्हा ४३ वर्षांचा होता. बिठूरला जाऊन तो आणखी जवळपास ३३ वर्षे जगला आणि जानेवारी १८५१ मध्ये वारला. आठ लाखांप्रमाणे हिशेब केला तर अडीच कोटींच्या पुढे जातो. मग कंपनीने तेच केले, जे पुढे जगभरच्या सरकारांनी केले. चालू माणसाला हात लावला नाही. पुढच्यासाठी योजना बंद केली. दत्तक पुत्र नानासाहेबाला तनखा नाकारला गेला. त्याने अझीमुल्ला खानाला थेट लंडनपर्यंत धाडले, तरी उपयोग झाला नाही. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

आजचा शिक्षक पेशवा नाही, पण आकडेमोड तीच आहे. महाराष्ट्रात बहुतेक सरकारी कर्मचारी ५८व्या वर्षी निवृत्त होतात. तिथून पंचवीस वर्षे पेन्शन घेणे आता नवलाचे राहिलेले नाही. त्यानंतर पत्नीला किंवा पतीला कुटुंब निवृत्तिवेतन. केंद्राच्या नियमात तर वयाच्या ८०व्या वर्षापासून पेन्शनमध्ये २० टक्के वाढ सुरू होते आणि शंभरी गाठली की मूळ पेन्शन दुप्पट होते. हा नियम माणुसकीचा आहे. त्याची किंमत मात्र नियम करताना कुणी मांडून दाखवली नाही.

तिसरे कारण वेतन आयोगाचे. जुन्या पेन्शनची खरी ताकद ‘शेवटच्या पगाराच्या निम्मे’ या सूत्रात जेवढी आहे, त्याहून अधिक ती पुढच्या वाढीत आहे. जानेवारी आणि जुलैचा महागाई भत्ता पेन्शनरालाही मिळतो. नवा वेतन आयोग आला की पेन्शनही नव्याने ठरते. सातव्या आयोगात मूळ वेतनाला २.५७ने गुणले, तसेच पेन्शनलाही. म्हणजे १९९५ साली निवृत्त झालेल्याची पेन्शन आजच्या पगाराच्या मागोमाग चालते. कर्मचाऱ्याच्या दृष्टीने यापेक्षा मोठे सुख नाही. सरकारच्या दृष्टीने हा असा करार, ज्यात रक्कम लिहिण्याची जागा दर दहा वर्षांनी पुन्हा कोरी होते.

मग प्रश्न उरतो: खर्च जर आत असलेल्यांचा आहे, तर बंदी बाहेरच्यांवर का?

उत्तर न्यायालयात सापडते. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने डी. एस. नाकारा खटल्याचा निकाल दिला. पीठाचे प्रमुख होते पुण्याच्या लॉ कॉलेजात शिकलेले सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड; निकाल लिहिला न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी. वाद तारखेचाच होता. केंद्राने पेन्शनचे सूत्र उदार केले, पण ३१ मार्च १९७९ च्या आधी निवृत्त झालेल्यांना त्यातून वगळले. न्यायालयाने सांगितले की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेचा तो हक्क आहे, आणि एकाच वर्गातल्या पेन्शनरांची अशा मनमानी तारखेने फाळणी करता येणार नाही. म्हणूनच पेन्शनरांच्या संघटना १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून साजरा करतात.

या निकालानंतर सरकारांच्या वित्त खात्यांनी एक गोष्ट बरोबर हेरली. नोकरीत असलेल्याची किंवा निवृत्त झालेल्याची पेन्शन कमी करणे जवळजवळ अशक्य आहे. पण जो अजून नोकरीला लागलेलाच नाही, त्याचा हक्क निर्माणच झालेला नाही. त्याची संघटना नाही, वकील नाही, मोर्चा नाही. २००५ साली बंदी आली तेव्हा तिचे खरे भोगते कुठे होते? कुणी डीएडच्या दुसऱ्या वर्षाला होते, कुणी दहावीच्या परीक्षेला बसणार होते. त्यांच्या वतीने बोलायला कोण होते? कर्मचारी संघटना होत्या, पण त्यांच्या तेव्हाच्या सदस्यांचे काहीच जात नव्हते. विरोधाची पत्रके निघाली असतील. संप झाला तो २०२३ मध्ये, जेव्हा १ नोव्हेंबरच्या पलीकडचे संख्येने मोठे झाले तेव्हा.

बाहेरचे देशही याच वाटेने गेले आहेत. अमेरिकेने १९८४ पासून संघराज्याच्या नव्या नोकरदारांना जुन्या पेन्शन योजनेत घेणे थांबवले. चिलीत १९८१ साली लष्करी राजवटीने सगळ्या देशाला वैयक्तिक खात्यांच्या पेन्शनवर ढकलले आणि स्वतःच्या सैन्याला त्यातून अलगद बाजूला ठेवले. ब्रिटनने २००७ मध्ये नव्या नागरी सेवकांसाठी वेगळी योजना आणली तेव्हा फारसे बिनसले नाही. पण २०१५ मध्ये जुन्या सदस्यांनाही नव्या योजनेत हलवले आणि निवृत्तीच्या जवळ असलेल्यांनाच तेवढे संरक्षण दिले. डिसेंबर २०१८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने हा वयावरून केलेला भेदभाव ठरवला. ती चूक निस्तरण्याचा खर्च अब्जावधी पौंडांत जातो. आत असलेल्यांना हात लावला की काय होते, हे जगातल्या प्रत्येक वित्त सचिवाने त्यावरून टिपून ठेवले असेल.

मात्र इथे एक गणित आहे, जे बंदी घालणारे आणि बंदी उठवा म्हणणारे दोघेही सांगत नाहीत.

योजना नव्यांसाठी बंद केली की खर्च लगेच कमी होत नाही. तो वाढतो. आधी सरकार फक्त निवृत्तांना पेन्शन देत होते. सेवेत असलेल्यांसाठी आज काही बाजूला काढत नव्हते. आता निवृत्तांची पेन्शन तर द्यायचीच, शिवाय नव्या कर्मचाऱ्याच्या खात्यात दरमहा स्वतःचा वाटाही भरायचा. हा वाटा सुरुवातीला मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या १० टक्के होता. केंद्राने आणि मागोमाग महाराष्ट्राने तो २०१९ पासून १४ टक्के केला. २००५ मध्ये २५ वर्षांचा असलेला शिक्षक निवृत्त होणार २०३८ मध्ये. म्हणजे बंदीची खरी बचत दिसायला २०३५च्या पुढचा काळ उजाडावा लागेल. तोवर राज्याने दोन चुली पेटत्या ठेवायच्या.

आता हेच उलट वाचा. जुनी पेन्शन पुन्हा सुरू केली तर १४ टक्क्यांचा हप्ता आजच थांबतो. तिजोरीत लगेच पैसा खेळू लागतो. बोजा येतो तो २०३५ नंतर. राजस्थानात अशोक गेहलोत यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये जुनी पेन्शन जाहीर केली. छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल प्रदेश पाठोपाठ निघाले. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या मासिक पत्रिकेत अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला: सगळी राज्ये मागे फिरली तर दीर्घकाळात एकूण बोजा नव्या योजनेच्या साडेचारपटीपर्यंत जाऊ शकतो. पहिली काही वर्षे मात्र खर्च घटतो, हेही त्याच हिशेबात आहे. ही ‘पहिली काही वर्षे’ नेमकी सत्तेच्या एक-दोन पाळ्यांएवढी असतात.

तेव्हा २००५ ची बंदी शहाणपणाची होती आणि २०२२ ची माघार मूर्खपणाची, असे सरळ दोन रकाने पाडता येत नाहीत. दोन्ही निर्णयांत एक साम्य आहे. बिल प्रत्येक वेळी अशा माणसाच्या नावे फाटले, जो निर्णयाच्या दिवशी खोलीत नव्हता. २००५ मध्ये तो भावी कर्मचारी होता. माघार घेणाऱ्या राज्यांत तो २०४० चा करदाता आहे.

महाराष्ट्राची गोष्ट या दोन टोकांच्या मध्ये लोंबकळत राहिली. केंद्रात वाजपेयी सरकारने डिसेंबर २००३ मध्ये नवी योजना अधिसूचित केली. राज्यात तो निर्णय विलासराव देशमुख मुख्यमंत्री आणि जयंत पाटील अर्थमंत्री असताना झाला. म्हणजे एका पक्षाने पेरले आणि दुसऱ्याने कापले, असे म्हणायची सोय कुणालाच नाही. पश्चिम बंगालने मात्र जुनी पेन्शन सोडलीच नाही.

डीसीपीएस सुरू झाली, पण तिच्या मागची यंत्रणा रडतखडत आली. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये, राज्याच्या कर्मचाऱ्यांची खाती जायला २०१५ उजाडले. मधल्या काळात पगारातून कपात झालेल्या रकमांच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या मिळत नाहीत, ही जिल्हा परिषदेच्या आणि खासगी शाळांच्या शिक्षकांची वर्षानुवर्षांची तक्रार राहिली. कुटुंबाच्या वाट्याला याहून वाईट दिवस आले. जुन्या योजनेत सेवेत असताना मृत्यू झाला तर विधवेला कुटुंब निवृत्तिवेतन होते. नव्या योजनेत खात्यात जमले तेवढेच. पाच-सात वर्षे नोकरी झालेल्याच्या खात्यात असते किती? २०१८ मध्ये राज्याने अशा कुटुंबांना दहा लाखांचे सानुग्रह अनुदान ठरवले. कुटुंब निवृत्तिवेतन आणि उपदानाचा निर्णय व्हायला ३१ मार्च २०२३ ची तारीख यावी लागली, तीही संपानंतर.

निवृत्तीच्या वेळी होणारा फरक एका उदाहरणाने कळेल. मूळ वेतन ६० हजार असताना दोघे निवृत्त झाले असे धरू. जुन्या योजनेतल्याला ३० हजार पेन्शन, वर महागाई भत्ता, आणि त्यातला काही भाग ‘विकून’ हातात एकरकमी पैसे. नव्या योजनेतल्याच्या खात्यात समजा ५० लाख जमले. त्यातले ६० टक्के त्याला काढता येतात, उरलेल्या ४० टक्क्यांची, म्हणजे २० लाखांची, विमा कंपनीकडून वार्षिकी घ्यावीच लागते. सहा-साडेसहा टक्क्यांनी महिन्याला दहा-अकरा हजार. आणि हा आकडा मरेपर्यंत हलत नाही; तुरीच्या डाळीचा भाव हलतो. काढलेले ३० लाख नीट गुंतवले तर हिशेब बराच जुळू शकतो. पण मुलीचे लग्न, घराचे राहिलेले कर्ज आणि मुलाच्या फ्लॅटचे डाऊन पेमेंट यांतून ते ३० लाख सुटतात किती, हे धायरीतल्या कुठल्याही मध्यमवर्गीय घरात विचारावे.

सुरुवातीला निवृत्त झाले ते उशिरा नोकरीला लागलेले, दहा-बारा वर्षांचीच सेवा असलेले. त्यांच्या हाती पडलेल्या दीड-दोन हजारांच्या पेन्शनचे आकडे व्हॉट्सॲपवर फिरले आणि ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा गावोगाव पोहोचली. पूर्ण सेवेची खाती अजून पिकायची आहेत, हा मुद्दा त्या आकड्यांपुढे कोण ऐकणार?

डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितले की जुनी पेन्शन दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल. महिन्याभरात विधान परिषदेच्या शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांच्या निवडणुका आल्या. प्रचारात सूर मवाळ झाला, तरी नागपूर शिक्षक आणि अमरावती पदवीधर या जागा भाजपच्या हातून गेल्या. मतदारयादीतला प्रत्येक माणूस पगारपत्रक वाचणारा असेल तर काय होते, ते तिथे दिसले.

मग १४ मार्च २०२३. सुमारे १७ लाख कर्मचारी संपावर. दहावी-बारावीच्या परीक्षा चालू, अवकाळी पावसाने पिके झोपलेली आणि पंचनाम्याला माणूस नाही. सातव्या दिवशी, २० मार्चला, कर्मचारी संघटनांच्या समन्वय समितीचे विश्वास काटकर यांनी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याशी चर्चेनंतर संप मागे घेतला. सुबोधकुमार, के. पी. बक्षी आणि सुधीरकुमार श्रीवास्तव या तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली गेली. हे तिघेही अर्थातच जुन्या पेन्शनचे मानकरी.

त्या आठवड्यात रस्त्यावरची सहानुभूती कर्मचाऱ्यांकडे नव्हती. ‘आम्हाला कोण देतो पेन्शन?’ हा खासगी नोकरदाराचा प्रश्न होता. ‘निम्म्या पगारात काम करतो, आम्हाला घ्या,’ असे स्पर्धा परीक्षा देणारी मुले म्हणाली. दोन्ही म्हणणी कडवट होती, पण खोटी नव्हती. मात्र एका मुद्द्यावर संपकरी आणि त्यांच्यावर चिडलेले लोक एक होते. महाराष्ट्रात एकच पाळी केलेल्या माजी आमदारालाही महिन्याला किमान ५० हजार पेन्शन मिळते. त्या योजनेला कुठलीही तारीख लागलेली नाही. राज्याच्या एकूण खर्चात ही रक्कम चिमूटभर आहे. पण ‘त्याग करा’ असे सांगणाऱ्याने स्वतःचे ताट आधी झाकून ठेवू नये.

शेवटी तडजोड झाली. १ मार्च २०२४ रोजी विधानसभेत सुधारित योजना जाहीर झाली: कर्मचाऱ्याची १० टक्के कपात चालू राहील, पण पुरेशी सेवा झाली असेल तर शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के पेन्शन, वर महागाई वाढ, आणि त्याच्या ६० टक्के कुटुंबाला. त्या ऑगस्टमध्ये केंद्राने एकीकृत पेन्शन योजना, म्हणजे यूपीएस, मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. विधानसभेची निवडणूक तीन महिन्यांवर होती. केंद्राच्या योजनेत कर्मचाऱ्याचे १० टक्के, सरकारचे १८.५ टक्के आणि २५ वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाचे निम्मे. कर्मचाऱ्यांची पसंती मात्र इतकी सावध की पर्याय देण्याची मुदत ३० जून, मग ३० सप्टेंबर, मग ३० नोव्हेंबर २०२५ अशी सरकवावी लागली.

तत्त्व म्हणून ही मधली वाट बरी आहे. कर्मचारीही वाटा भरतो, बाजाराची पडझड त्याच्या म्हातारपणावर येत नाही, आणि सरकारलाही दरमहा स्वतःचा हप्ता मोजावा लागतो. पण हमी दिली की हप्ता आणि हमी यांतली तूट कुणाच्या तरी माथी राहतेच. १८.५ टक्के पुरले नाहीत तर? महाराष्ट्राच्या स्वतःच्या योजनेत ती तूट किती निघेल? हे आकडे विमागणिती तज्ज्ञ काढतात, आयुर्विमा महामंडळ दरवर्षी काढते. राज्याच्या अर्थसंकल्पात ते दिसत नाहीत. पुढच्या तीस वर्षांत पेन्शनच्या वचनांची आजच्या पैशांत किंमत किती, हा एक आकडा दर मार्चला अर्थसंकल्पाबरोबर सभागृहात ठेवायला हवा. तो ठेवला असता तर २००५ मध्ये योजना अचानक बंद करावी लागली नसती आणि २०२२ मध्ये दिवाळखोरीची भीती घालावी लागली नसती. दर वर्षी थोडी कपात, थोडा हप्ता, निवृत्तीच्या वयात थोडा बदल, असे जुन्या-नव्या सगळ्यांनी मिळून सोसले असते. वेळेवर हिशेब न केलेल्या योजनाच एका रात्रीत बंद होतात.

तारखांचे भांडणही मिटवता येते. लालफितीमुळे ज्यांची नेमणूक लांबली, पण जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची होती, अशा सुमारे २६ हजार कर्मचाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ मध्ये जुन्या पेन्शनचा पर्याय मिळाला. त्यासाठी अठरा वर्षे लागली. पण २००५ च्या आधी नेमले गेलेले आणि शाळेला शंभर टक्के अनुदान नंतर मिळाले म्हणून बाहेर राहिलेले शिक्षक कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले. शाळेला अनुदान कधी द्यायचे हे सरकारने ठरवले. उशिराची शिक्षा शिक्षकाला.

आणि हा सगळा वाद ज्यांच्या डोक्यावरून जातो, ते धायरीत सगळ्यात जास्त आहेत. राज्यात दोन लाखांहून अधिक मंजूर पदे रिकामी आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय काढला. विरोध झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला. निर्णय गेला, पद्धत राहिली. सफाई, सुरक्षा, संगणकचालक, आरोग्य केंद्रातला तंत्रज्ञ, सगळीकडे एजन्सीची माणसे आहेत. पेन्शन योजना नव्यांसाठी बंद करायचा हा सर्वांत स्वस्त मार्ग: नवा सदस्य तयारच होऊ द्यायचा नाही. त्याला शासन निर्णय लागत नाही, तारीख लागत नाही, संपही होत नाही.

अशा कामगाराला नशिबाने भविष्य निर्वाह निधी लागू असेल तर ईपीएस-९५. तिची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिन्याला एक हजार रुपये आहे. १५ हजारांच्या मर्यादेवर पस्तीस वर्षे भरले तरी सूत्राने हाती येतात साडेसात हजार.

धायरीतल्या हयातीच्या रांगेत आता बायोमेट्रिक यंत्र असते. थरथरता अंगठा काचेवर नीट बसत नाही. टेबलापलीकडचा विशी-पंचविशीतला मुलगा हळूच तो धरून दाबतो, ‘आजोबा, परत एकदा’ म्हणतो, आणि पडद्यावर हिरवी खूण येते. आजोबांची वर्षभराची निश्चिंती झाली. मुलाच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर बँकेचे नाव नसते, एजन्सीचे असते, आणि कंत्राट मार्चमध्ये संपते.